हप्त्यातली सूट आणि बंद घराची अट

जून उजाडला की मस्कतमधली भारतीय घरे एकामागून एक बंद होऊ लागतात. भारतीय शाळांना उन्हाळी सुट्टी लागते. रुवी, दारसैत, अल खुवैर, अल घुब्रा इथल्या इमारतींतून बॅगा खाली उतरतात आणि पुणे, नाशिक, कोल्हापूर, मालवणकडे निघालेली मंडळी विमानतळावर एकमेकांना भेटतात. निघण्यापूर्वीची कामे ठरलेली असतात. फ्रीज रिकामा करायचा, गॅसचा रेग्युलेटर बंद करायचा, एसीचे स्विच पाडायचे, वायफायचा राउटर काढून ठेवायचा, एक किल्ली शेजारच्या वहिनींकडे द्यायची. पाण्याचा मुख्य कॉक बंद करणे मात्र पुष्कळदा राहून जाते. तो गच्चीवर टाक्यांच्या गर्दीत कुठेतरी असतो, आणि त्यातला आपला कोणता हे भाडेकरूला कुणी सांगितलेलेच नसते.

बेसिनखालची, वेणीसारखी तारेची जाळी असलेली लवचीक नळी तुटली तर मिनिटाला सात-आठ लिटर पाणी सहज बाहेर पडते. आठ लिटरचा हिशेब केला तर तासाला 480 लिटर आणि दिवसाला साडेअकरा हजार. गच्चीवरची टाकी रिकामी होऊ लागते, तिचा फ्लोट खाली जातो, पंप सुरू होतो आणि टाकी पुन्हा भरते. घरात माणूस असेल तर पाच मिनिटांत कॉक बंद होतो. माणूस गावी असेल तर खालच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाचे जिप्समचे फॉल्स सीलिंग खाली येईपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही.

अमेरिका, ब्रिटन आणि स्कँडिनेव्हियातल्या विमा कंपन्यांनी गेल्या दशकात यावर एक उपाय पुढे आणला आहे. घरात पाण्याची गळती ओळखणारे उपकरण बसवा आणि गृहविम्याच्या हप्त्यात सूट घ्या. उपकरण मोबाइलवर इशारा देते, आणि चांगल्या प्रतीचे असेल तर पाणी स्वतःच तोडते. ओमानमध्ये घरे अशी महिनोन्‌महिने बंद राहतात आणि पाणी समुद्रातून काढून गोडे केलेले असते, म्हणून ही कल्पना इथे पहिल्या दृष्टीला अगदी योग्य वाटते. पण खोलात गेले की दिसते, हप्त्यातली सूट हा या सगळ्या व्यवहारातला सर्वांत किरकोळ भाग आहे. ओमानमधल्या घरमालकाला आणि भाडेकरूला खरी गरज आहे ती पॉलिसीतल्या अटी बदलण्याची.

काळजी घेणाऱ्याला विमा स्वस्त मिळावा, ही मागणी जुनी आहे. झकारिया ॲलन अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये कापडगिरणी चालवत. आगीचा धोका कमी व्हावा म्हणून त्यांनी गिरणीत खर्चिक सुधारणा केल्या आणि विमा कंपनीकडे हप्ता कमी करण्याची मागणी केली. कंपनीने नकार दिला. तेव्हा ॲलन यांनी इतर गिरणीमालकांना सोबत घेतले आणि 1835 मध्ये एकमेकांचा विमा उतरवणारी स्वतःची संस्था काढली. गिरणीची तपासणी करायची, सुधारणा सुचवायच्या, त्या केल्या तरच सभासदत्व द्यायचे, अशी तिची रीत होती. आज जगभर कारखान्यांचा विमा उतरवणारी एफएम (पूर्वीची एफएम ग्लोबल) ही कंपनी त्याच रोपट्यातून वाढली. पुढे छतावरच्या स्प्रिंकलरला हप्त्यात सूट देण्याचा पायंडा पडला. भारतातही अग्निविम्याचे दर सर्व कंपन्यांना सारखे होते, त्या काळात हायड्रंट आणि स्प्रिंकलर बसवणाऱ्या कारखान्यांना ठरलेली सवलत मिळे.

आगीनंतर पाण्याची पाळी आली. अमेरिकेत गृहविम्याच्या दाव्यांपैकी साधारण पाव हिस्सा पाण्याच्या नुकसानीचा आणि नळ गोठून फुटण्याचा असतो. ब्रिटनमध्ये घरातल्या फुटक्या नळांपोटी कंपन्या रोज सुमारे 18 लाख पौंड देतात, असे तिथल्या विमा कंपन्यांची संघटना सांगत आली आहे. नॉर्वेने तर 2010 च्या बांधकाम नियमांतच तरतूद केली. स्वयंपाकघरासारख्या ज्या खोलीत जमिनीवरचे पाणी वाहून जायला जाळी नाही, तिथे गळती होताच पाणी आपोआप तोडणारी यंत्रणा हवी. तिथे ही गोष्ट विमा कंपनीच्या मर्जीवर राहिलीच नाही.

उपकरणे ढोबळमानाने तीन जातींची आहेत. पहिली अगदी साधी. हातात मावणारी डबी, तिच्या बुडाला धातूचे दोन टोकदार खिळे. फरशीवर पाणी आले की दोन खिळ्यांमधून वीज वाहते आणि डबी ओरडते किंवा फोनवर निरोप पाठवते. दुसऱ्या जातीचे उपकरण मुख्य नळालाच जोडतात. ते प्रवाह आणि दाब मोजते, घराची सवय शिकते आणि रात्री सगळे झोपले असताना व्हॉल्व्ह क्षणभर बंद करून दाब उतरतो का ते पाहते. दाब उतरला तर कुठेतरी थेंब थेंब गळते आहे. मोठा प्रवाह अखंड वाहू लागला तर ते स्वतःच व्हॉल्व्ह पाडते. मोएन कंपनीचे फ्लो आणि फिन ही त्यातली ठळक नावे. तिसरी जात ब्रिटनमधल्या लीकबॉटची. हे उपकरण घरात येणाऱ्या नळाला बाहेरून चिमट्यासारखे लावतात. बाहेरून येणारे पाणी घरातल्या हवेपेक्षा थंड असते, त्यामुळे नळातून पाणी वाहत असले की नळाचे तापमान उतरते, या तत्त्वावर ते चालते.

आता ही तीन उपकरणे घेऊन मस्कतच्या अल हैल किंवा माबेलातल्या एखाद्या व्हिलात शिरावे.

ओमानमधल्या घराची नळव्यवस्था अमेरिकी घरासारखी नाही. तिथे रस्त्यावरच्या वाहिनीतून दाबाचे पाणी एका जागी घरात शिरते, म्हणून त्या एका जागी व्हॉल्व्ह बसवला की सारे घर राखणीत येते. इथे मीटरपासून पाणी जमिनीतल्या टाकीत जाते. जिथे वाहिनी पोहोचलेली नाही तिथे टँकरवाला टाकी भरून जातो. तिथून पंपाने ते गच्चीवर चढते आणि गच्चीवरून खाली येताना फाटे फुटतात: एक नळ स्वयंपाकघराकडे, एक पुढच्या बाथरूमकडे, एक मागच्या, एक बागेकडे. मीटरजवळ बसवलेल्या महागड्या व्हॉल्व्हने पाणी तोडले तरी गच्चीवरच्या टाकीतले दोन हजार लिटर घरात उतरायला मोकळेच असतात. व्हॉल्व्ह बसवायचा तर टाकीच्या तोंडाशी, म्हणजे उघड्या उन्हात, आणि बऱ्याच घरांत एकाहून जास्त ठिकाणी. जून महिन्यात मस्कतच्या गच्चीवर अनवाणी पाऊल टेकवता येत नाही. तिथे बॅटरी आणि प्लास्टिकचे गिअर किती उन्हाळे काढतील याचा विचार खरेदीपूर्वीच करायला हवा.

तिसऱ्या जातीची अडचण आखातातल्या प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. उन्हाळ्यात गच्चीवरचे पाणी इतके तापते की थंड नळ सोडला तरी हात भाजतो. म्हणून मे महिन्यात लोक गीझरचे बटण बंद करतात आणि गीझरच्या टाकीत, घराच्या सावलीत निवलेले पाणी थंड पाणी म्हणून वापरतात. गरम नळ थंड आणि थंड नळ गरम, असा सप्टेंबरपर्यंत कारभार चालतो. बाहेरचे पाणी घरातल्या हवेपेक्षा थंड असते या गृहीतकावर उभे असलेले उपकरण अशा घरात चालवायचे तर त्याचे सारे गणितच नव्याने बसवावे लागेल.

शिवाय इथल्या घरात ओल धरवणारे पुष्कळसे पाणी नळातले नसतेच. एसीच्या कॉइलवर जमणारे पाणी बारीक पाइपातून बाहेर जाते. त्या पाइपात शेवाळ किंवा धूळ साचली की ते उलटे फिरते आणि भिंतीत मुरते, कपाटाच्या मागे झिरपते. मुख्य नळावरच्या प्रवाहमापकाला याचा सुगावा लागणे शक्य नाही. पहिल्या जातीची ती साधी डबी मात्र एसीच्या ट्रेखाली, गीझरखाली, वॉशिंग मशीनच्या मागे ठेवली तर आपले काम चोख करते. ओमानपुरते पाहिले तर कमी किमतीची ही डबीच सर्वांत उपयोगी ठरते, असे म्हणायला हरकत नाही. अर्थात घर सोडताना राउटर बंद केला नसेल तर. वायफायवर चालणारी डबी इंटरनेट गेले की रिकाम्या घरात नुसती ओरडत राहते. मोबाइल सिमवर चालणारा, बॅटरीचा आधार असलेला हब हवा, किंवा सुट्टीवर जाताना राउटरचे एक बटण चालू ठेवायला हवे.

आता पैशांचे पाहू. परदेशात या उपकरणांसाठी मिळणारी सूट साधारण काही टक्क्यांपासून दहा टक्क्यांपर्यंत असते. समजा मस्कतमधल्या एखाद्या कुटुंबाचा गृहविम्याचा वार्षिक हप्ता 60 रियाल आहे आणि कंपनीने उदारपणे दहा टक्के सूट दिली. वर्षाला सहा रियाल वाचले. पाणी तोडणारे उपकरण अमेरिकेत 500 डॉलरच्या घरात पडते, म्हणजे सुमारे 192 रियाल. प्लंबरची मजुरी आणि आयातीचा खर्च बाजूला ठेवला तरी सुटीतून पैसे वसूल व्हायला 32 वर्षे लागतील. तोवर ते उपकरण टिकणार नाही आणि नोकरीसाठी आलेले कुटुंबही मस्कतमध्ये राहिलेले नसेल. अमेरिकेत हप्ते हजारो डॉलरचे असतात, म्हणून तिथे दहा टक्क्यांना वजन आहे. ओमानमध्ये वादळे वगळता निसर्ग तसा सौम्य, बांधकाम काँक्रीटचे आणि आगीचा धोका कमी, म्हणून हप्ता लहान. लहान हप्त्यातली सूट आणखी लहान होणार, हे उघड आहे.

परदेशातल्या कंपन्यांनाही हे उमगले आहे. अमेरिकेतल्या हिप्पो कंपनीने ग्राहकांना संवेदकांचा संच फुकट द्यायला सुरुवात केली, आणि ब्रिटनमध्ये हिस्कॉक्ससारख्या कंपन्यांनी लीकबॉट फुकट वाटले. एक मोठा दावा टळला तरी शेकडो उपकरणांचा खर्च निघतो, असा त्यामागचा हिशेब.

उपकरणे दावे खरोखर कमी करतात का? याबाबत सर्वांत जास्त सांगितला जाणारा पुरावा लेक्सिसनेक्सिस रिस्क सोल्युशन्स या अमेरिकी संस्थेचा आहे. फ्लो बसवलेल्या सुमारे 2,300 घरांची तिने पाहणी केली आणि वर्षभरात पाण्याचे दावे 96 टक्क्यांनी घटल्याचे सांगितले. आकडा डोळे दिपवणारा आहे, पण तो जसाच्या तसा घेऊ नये. घरात एकदा पूर आला की माणूस उपकरण विकत घेतो. म्हणजे या घरांत आधीच्या वर्षी दावे जास्त असणारच, आणि नंतरच्या वर्षी ते उपकरणाशिवायही काही प्रमाणात घटलेच असते. शिवाय पाचशे डॉलर खर्च करणारा मालक एरवीही नळ वेळेवर बदलणारा असतो. उपकरण उपयोगी आहे यात शंका नाही. ते 96 टक्के उपयोगी आहे, असे मानून ओमानमधल्या कंपनीने दर ठरवू नयेत एवढेच.

खरा प्रश्न पॉलिसीच्या बारीक अक्षरांत आहे. गृहविम्यात टाकी, नळ किंवा पाण्याची साधने फुटून अथवा भरून वाहिल्याने झालेले नुकसान बहुधा धरलेले असते. पण तीन कुंपणे घातलेली असतात. हळूहळू झिरपून झालेले नुकसान, झीज आणि गंज यांना भरपाई नाही. दाव्यातली पहिली ठरावीक रक्कम, म्हणजे एक्सेस, ग्राहकाने स्वतः सोसायची, आणि पाण्याच्या दाव्यांवर ही रक्कम बऱ्याचदा जास्त ठेवलेली असते. तिसरे कुंपण सर्वांत जाचक: घर सलग ठरावीक दिवस रिकामे राहिले तर चोरी आणि पाणी या दोन्हींचे संरक्षण थांबते. ब्रिटिश साच्याच्या पॉलिसींत हा आकडा साधारण 30 किंवा 60 दिवसांचा असतो. आखातातल्या पॉलिसींचा साचाही बहुतांशी तिकडूनच आला आहे. दिवस कंपनीगणिक बदलतात.

लंडनमधले कुटुंब दोन आठवडे स्पेनला जाऊन येते. मस्कतमधले मराठी कुटुंब जूनच्या पहिल्या आठवड्यात निघते आणि जुलै संपता संपता किंवा ऑगस्टमध्ये परतते. वर्षातला सर्वांत धोक्याचा काळ आणि संरक्षण नसलेला काळ नेमका एकच. हा हप्त्याचा दोष नाही, अटीचा आहे, आणि तो सहा रियालांच्या सुटीने भरून निघत नाही.

इथे उपकरणाचे खरे मोल आहे. घर रिकामे असले तरी त्याच्यावर कुणाची तरी नजर असावी, हाच त्या अटीमागचा विमा कंपनीचा हेतू. पाणी आपोआप तोडणारा व्हॉल्व्ह किंवा सिमवर चालणारे संवेदक ती नजर ठेवू शकतात. मग कंपनीने सांगावे: प्रमाणित उपकरण चालू असेल तर पाण्याच्या नुकसानीपुरती रिकाम्या घराची अट 90 दिवसांवर जाईल आणि एक्सेस निम्मा होईल. अशी तरतूद ग्राहकाला कोणत्याही टक्केवारीपेक्षा जास्त मोलाची आहे, आणि कंपनीलाही परवडणारी आहे.

पण याच उपकरणाची दुसरी बाजूही पाहायला हवी. ज्या संवेदकाने 45 दिवस पाण्याचा एकही थेंब वाहिला नाही अशी नोंद ठेवली, त्याच्याकडे घर 45 दिवस रिकामे होते याचा पुरावा आहे. अट तशीच ठेवून कंपनीने उपकरण मात्र बसवायला लावले, तर ग्राहक स्वतःच्या खर्चाने दावा नाकारण्याचे साधन घरात आणतो. नोंदी कुणाच्या, त्या कुठे साठवल्या जातात, दाव्याच्या वेळी कंपनीला किती दाखवायच्या, हे करारात आधी लिहून घ्यावे. ओमानमध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा 2022 मध्ये शाही फर्मान क्रमांक 6 ने आला आणि 2023 मध्ये लागू झाला. त्यामुळे संमतीशिवाय अशी माहिती वापरू नये, असे म्हणायला ग्राहकाला कायद्याचा आधार आहे.

ओमानच्या विमा बाजारात गृहविमा अजून लहानच आहे. मोठा व्यवहार आरोग्य आणि मोटार यांचा. घराचा विमा बहुधा बँकेच्या कर्जाबरोबर येतो. परदेशी नागरिकांना 2006 च्या शाही फर्मान क्रमांक 12 पासून अल मौजसारख्या एकात्मिक पर्यटन संकुलांत घर विकत घेता येते. बाकीचे बहुतेक भाडेकरू. भाडेकरूने सामानाचा विमा काढला तरी भिंती, छत आणि नळ घरमालकाचे. त्यामुळे व्हॉल्व्ह घरमालकाने बसवायचा आणि सूट भाडेकरूने घ्यायची, असा तिढा उभा राहतो. डबी मात्र भाडेकरू स्वतः ठेवू शकतो आणि घर बदलताना बरोबर नेऊ शकतो.

नैसर्गिक आपत्तीचे पाणी हा वेगळा विषय, आणि त्याची गल्लत होऊ देऊ नये. जून 2007 मधल्या गोनू वादळाने ओमानमध्ये सुमारे 50 जीव घेतले आणि अब्जावधी डॉलरचे नुकसान केले. 2010 मध्ये फेत आले आणि ऑक्टोबर 2021 मध्ये शाहीन अल बातिनाच्या किनाऱ्यावर आदळले. वाडीतून, म्हणजे एरवी कोरड्या असणाऱ्या नदीपात्रातून, आलेला लोंढा दारातून आत शिरतो तेव्हा कोणताही व्हॉल्व्ह काही करू शकत नाही. तिथे पॉलिसीतले वादळ आणि पुराचे कलम बघावे लागते. गळतीचे उपकरण विकताना ‘पाण्यापासून संरक्षण’ असे मोघम शब्द वापरले गेले तर ते ग्राहकाची दिशाभूल करणारे ठरेल.

या देशात गळतीची राखण सगळ्यांनी मिळून करण्याची परंपरा मात्र विम्यापेक्षा कितीतरी जुनी आहे. डोंगराच्या पोटातून गावात पाणी आणणारे फलज हजारोंच्या संख्येने आजही वाहतात. त्यांतले पाच, निजव्याचा फलज दारिस आणि बिरकत अल मौजचा फलज अल खत्मैन यांच्यासह, 2006 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. पाण्याचे वाटे वेळेनुसार पडतात. काही वाटे खुद्द फलजाच्या नावाचे असतात. वकील नावाचा कारभारी त्यांचा लिलाव करवतो आणि त्या पैशातून तडे बुजवले जातात, पूर्वी त्यासाठी भाजलेल्या मातीचा सारूज वापरत. नुकसान झाल्यावर भरपाई देण्याऐवजी नुकसान होऊ नये म्हणून आधीच निधी ठेवायचा, ही रीत इथल्या गावांना चांगली ठाऊक आहे. सभासदांच्या सामाईक निधीतून चालणारा इस्लामी पद्धतीचा तकाफुल विमा हिच्या जवळचा आहे. ओमानमध्ये त्यासाठी 2016 चा स्वतंत्र कायदा आहे, अल मदिना तकाफुल आणि तकाफुल ओमान या कंपन्या त्या पद्धतीने चालतात, आणि निधीत शिल्लक उरली तर ती सभासदांना परत मिळू शकते. गळतीची उपकरणे आधी निधीतून पुरवून पुढे दावे घटल्यास शिल्लक वाटायची, हा प्रयोग करायला तकाफुल कंपन्यांइतकी सोयीची जागा दुसरी नाही.

मस्कतमधल्या मराठी माणसाचे आणखी एक बंद घर असते: पुण्याच्या कोथरूडमधले किंवा ठाण्यातले. हे दोन महिने नव्हे, दहा महिने बंद असते. तिथली गळती खालच्या शेजाऱ्याच्या छतावर उमटते आणि सोसायटीचे पत्र ईमेलने मस्कतला येते. सोसायटीच्या उपविधींनुसार बाहेरच्या सामाईक पाइपांची आणि पावसाच्या पाण्याची गळती सोसायटीने दुरुस्त करायची, घरातल्या नळांची सभासदाने. भारतात 1 एप्रिल 2021 पासून सर्व सर्वसाधारण विमा कंपन्या ‘भारत गृह रक्षा’ ही एकसारखी पॉलिसी देतात. तिच्यात टाक्या आणि नळ फुटण्याचे संरक्षण आहे, आणि घरातले सामान इमारतीच्या विमा रकमेच्या 20 टक्क्यांपर्यंत, कमाल 10 लाख रुपयांपर्यंत, आपोआप धरले जाते. शेजाऱ्याच्या छताचा खर्च मात्र त्यात येत नाही. त्यासाठी उत्तरदायित्वाचा वेगळा विमा लागतो, आणि परदेशी राहणाऱ्या फ्लॅटमालकांपैकी फार थोड्यांनी तो घेतलेला असतो.

पॉलिसीचे नूतनीकरण येईल तेव्हा एजंटला सूट किती हा प्रश्न शेवटी विचारावा. आधी विचारावे, घर किती दिवस रिकामे चालते आणि तो आकडा वाढवून लेखी मिळेल का. मग पाण्याच्या दाव्यावर एक्सेस किती, संवेदक असेल तर तो कमी होतो का. मग झिरपण्याची व्याख्या काय, कारण रात्रीच्या दाबतपासणीने तिसऱ्या दिवशी पकडलेली गळती आणि तीन वर्षे भिंतीत मुरलेली गळती यांना एकाच मापाने मोजणे न्याय्य नाही. आणि घरमालकाला, भाडेकराराच्या वेळीच, गच्चीवर नेऊन आपला कॉक दाखवायला सांगावे. त्यावर फ्लॅटचा क्रमांक लिहिलेली पत्र्याची पट्टी बांधून घ्यावी.